१४ पैकी २ म्हणजे किती? एचपीव्हीचे टाइप आणि लसीचा हिशोब

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा वहिनीने एक प्रश्न टाकला आणि दोन दिवस ग्रुप नुसता तापला. भाची १२ वर्षांची झालीय, तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, म्हणजे सर्व्हायकल कॅन्सरची लस द्यायचं चाललंय, आणि वहिनी पडली हिशोबाला पक्की, तिने सगळं वाचून आकडेच मांडले. हा कॅन्सर करणारा व्हायरस म्हणजे एचपीव्ही, त्यातले धोकादायक १४ प्रकारचे. लशी तीन तऱ्हेच्या, दोनवाली, चारवाली आणि नऊवाली. दोनवालीत धोकादायक टाइप दोन, चारवालीत पण धोकादायक दोनच, उरलेले दोन वेगळ्याच कामाचे, आणि नऊवाली सगळ्यात भारी तरी त्यात सातच. म्हणजे दोनवाली घेतली तर १४ पैकी २, झाले १४ टक्के! "पोरगी गणितात १४ टक्के घेऊन आली तर मी तिला शाबासकी देईन का," असं तिने लिहिलं आणि मग काय, कोणी म्हणे लसच बोगस, कोणी म्हणे घ्यायची तर नऊवालीच नाहीतर राहू दे, आणि एका काकांनी मधेच सुप्रभात टाकलं.

मी काही डॉक्टर नाही, पण या विषयावर बरंच वाचत आलेय आणि ग्रुपवर तुकड्यातुकड्यात उत्तर देऊन कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. वहिनीचा भागाकार बरोबर आहे, फक्त तिने डोकी मोजलीत आणि मोजायच्या होत्या करामती.

## आधी हे १४ जण कोण

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एकटा व्हायरस नाही, अख्खं खानदान आहे, दोनशेच्या वर टाइप माहीत झालेत आणि त्यांना नावं न देता नंबर दिलेत, जो जसा सापडला तसा. त्यामुळे नंबर मोठा म्हणून धोका मोठा असं काही नाही. सगळ्यांची बांधणी सारखी, आत थोडासा डीएनए आणि बाहेर प्रोटीनचं कवच. या कवचाचं जे मुख्य प्रोटीन आहे त्याला एल१ म्हणतात, आणि एल१ चा जीन आधी माहीत असलेल्या प्रत्येक टाइपपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगळा निघाला तरच नवा नंबर मिळतो. हे कवच लक्षात ठेवा, सगळी लस त्याच्यावरच उभी आहे.

बरेचसे टाइप साध्या त्वचेवर राहतात, हातापायाला चामखीळ येते ती यांचीच कृपा. साधारण ४० टाइप जननेंद्रियांच्या भागात राहणारे. त्यातले ६ आणि ११ तिथे चामखीळ आणतात, त्रास होतो, लाज वाटते, पण कॅन्सर होत नाही म्हणून त्यांना 'लो रिस्क' म्हणतात, आणि चारवाल्या लसीतले वहिनीचे ते 'वेगळ्याच कामाचे' दोघं म्हणजे हेच. कॅन्सर करू शकतात ते 'हाय रिस्क'. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था, आयएआरसी, १२ टाइप पक्के कॅन्सरकारक धरते: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. लॅबच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा यात ६६ आणि ६८ पण शोधतात म्हणून झाले १४.

हा पसरतो त्वचेचा त्वचेशी संबंध येऊन, मुख्यतः लैंगिक संबंधातून. कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, कारण कंडोमने न झाकलेल्या भागातूनही तो जाऊ शकतो. आणि हे नीट वाचा: लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो, पत्ताही लागत नाही. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून नवऱ्याची किंवा बायकोची उलटतपासणी घ्यायला बसू नका, तो व्हायरस गेल्या महिन्यातला आहे की कित्येक वर्षांपूर्वीचा हे कुठलीच टेस्ट सांगत नाही.

## सगळे चोर सारखे नसतात

आता समजा एका पोलीस स्टेशनच्या वहीत १४ चोरांची नावं आहेत. त्यातला एक जण असा की भागातल्या दर १० घरफोड्यांपैकी ६ त्याच्या एकट्याच्या. दुसरा आणखी दीडएक करतो. राहिलेले बारा जण मिळून उरलेल्या अडीच, त्यातही काही जण वर्षानुवर्षं नुसते कोपऱ्यावर उभे दिसतात आणि हातून फार काही होत नाही. साहेबाने पहिल्या दोघांना पकडलं तर तुम्ही म्हणाल का की १४ टक्केच काम केलं?

टाइप १६ हा तो पहिला चोर. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या तर साधारण ६० टक्क्यांमध्ये १६ सापडतो, आणि साधारण १५ टक्क्यांमध्ये १८. म्हणजे दोघं मिळून ७० टक्क्यांच्या वर. त्यांच्या मागे ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे पाच, त्यांचा मिळून वाटा १५ ते २० टक्के. या सात जणांमध्येच साधारण ९० टक्के कॅन्सरचा हिशोब संपतो आणि नऊवाल्या लसीत सात धोकादायक टाइप का आहेत आणि हेच सात का, त्याचं उत्तर पण इथेच आहे.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) कॅन्सर नसलेल्या बायकांच्या तपासणीत सापडणारे टाइप पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. ५१, ५६, ६६ असे टाइप तिथे पुष्कळ भेटतात, पण कॅन्सरच्या गाठीत ते क्वचित. येतात आणि जातात. १६ चं तसं नाही, तो चिकटून बसतो आणि पेशी बिघडवण्यात पण बाकीच्यांच्या पुढे आहे. १८ ची खोड वेगळी, तो आणि त्याचा जवळचा नातलग ४५ हे गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला, ग्रंथींच्या पेशींमध्ये होणाऱ्या कॅन्सरमध्ये जास्त सापडतात, आणि ती जागा आत असल्यामुळे नेहमीच्या पॅप टेस्टमधून (गर्भाशयमुखाच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी) हा कॅन्सर निसटायची शक्यता जास्त.

हे दोघं सापडले कसे ती गोष्टही सांगायला हवी. १९७० च्या दशकात जर्मनीतले हाराल्ड त्सूर हाउझेन म्हणत होते की या कॅन्सरमागे पॅपिलोमा व्हायरस आहे, तेव्हा बहुतेकांना संशय वेगळ्याच व्हायरसवर, हर्पीसवर होता. त्यांच्या टीमने १९८३ मध्ये १६ आणि १९८४ मध्ये १८ शोधून काढला. २००८ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. आणि हेला नावाच्या ज्या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वाढवतात, १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, त्या पेशींमध्ये पण १८ चाच डीएनए निघाला.

## पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर होणारच का?

नाही हो. लागण झालेल्या दर १० जणींपैकी साधारण ९ जणींमध्ये दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच व्हायरसला दाबून टाकतं. प्रश्न त्या दहावीचा, जिच्यात हाय रिस्क टाइप वर्षानुवर्षं टिकून राहतो.

टिकून राहून तो करतो काय? आपल्या पेशीत एक पहारेकरी असतो, पी५३ नावाचा, डीएनएमध्ये बिघाड दिसला की काम थांबवा म्हणून ओरडणारा, आणि वेळ पडली तर ती पेशीच मारून टाकणारा. आणि एक ब्रेक असतो, आरबी नावाचा, पेशीने उगाच विभाजन करू नये म्हणून. हाय रिस्क एचपीव्हीकडे दोन हत्यारं आहेत, ई६ आणि ई७. ई६ पहारेकऱ्याला संपवतं, ई७ ब्रेक काढून टाकतं. आता बिना ब्रेकची आणि बिना पहाऱ्याची पेशी वाढत राहते आणि चुका साठत जातात. लो रिस्क टाइपकडे पण ही प्रोटीनं असतात पण त्यांची धार बोथट, म्हणून ते चामखिळीवर थांबतात.

या बिघाडाच्या पायऱ्या असतात, त्यांना सीआयएन १, २, ३ म्हणतात, थोडक्यात कॅन्सरच्या आधीचे टप्पे. पहिली पायरी बहुतेक वेळा आपोआप मागे फिरते. तिसरी मात्र सोडून द्यायची नाही, आणि हे कळायला एक फार वाईट प्रकार घडावा लागला: न्यूझीलंडमध्ये १९६० आणि ७० च्या दशकात एका हॉस्पिटलने अशा काही बायकांवर पुरेसे उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं, त्यांना नीट न सांगता, पुढे सरकारी चौकशी बसली. त्या बायकांच्या नोंदींवरून कळलं की तिसऱ्या पायरीवर तसंच सोडलं तर ३० वर्षांत साधारण ३० टक्के बायकांना कॅन्सर होतो.

एकूण प्रवास लागणीपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षांचा, एचआयव्ही किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १० वर्षांचा. इतका हळू चालणारा कॅन्सर, मधे इतके थांबे, आणि तरी २०२२ या एका वर्षात जगात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना तो झाला आणि साडेतीन लाख गेल्या. मला तर हे वाचून संतापच येतो.

## लस म्हणजे चोराचा नुसता कोट

आता कवचाकडे या. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांना दिसलं की एल१ प्रोटीन योग्य तऱ्हेने बनवलं की ते आपोआप एकमेकांना जोडून व्हायरससारखा गोळा तयार करतं, बाहेरून हुबेहूब एचपीव्ही आणि आत काहीच नाही. डीएनए नाही म्हणजे वाढणार नाही, ई६-ई७ नाहीत म्हणजे बिघडवणार नाही. चोराचा नुसता कोट, आत माणूसच नाही. लसीत हे रिकामे कोट असतात. ते दंडात टोचले की शरीर कोट ओळखायला शिकतं आणि अँटीबॉडी बनवून ठेवतं, पुढे खरा चोर तो कोट घालून आला की दारातच पकडला. म्हणून "लसीनेच एचपीव्ही झाला तर?" ही भीती निराधार आहे.

टाइप म्हणजे वेगळा कोट हे आठवतंय ना? म्हणून प्रत्येक टाइपचा वेगळा कोट लसीत घालावा लागतो. काही कोट एकमेकांसारखे दिसतात त्यामुळे १६-१८ च्या लसीने ३१, ३३, ४५ विरुद्ध पण थोडंफार संरक्षण मिळताना दिसलंय, विशेषतः दोनवाल्या सर्व्हारिक्समध्ये, पण त्यावर विसंबू नये.

याच कोटामुळे दुसरी एक गोष्ट पण उलगडते, जी मला स्वतःला बरेच दिवस कळली नव्हती. चोर एकदा घरात शिरला, म्हणजे व्हायरस खालच्या थरातल्या पेशीत जाऊन बसला, की तो कोट काढून ठेवतो. तिथे एल१ बनतच नाही, बनतं ते अगदी वरच्या थरात, नवे व्हायरस बाहेर पडायच्या वेळी. मग कोट ओळखणाऱ्या अँटीबॉडींना आतला चोर दिसणार कसा? म्हणून ही लस आधीची लागण बरी करत नाही. एका मोठ्या चाचणीत १५ ते २६ वयाच्या बायकांना चारवाली लस दिली होती, २००७ मध्ये निकाल आले. ज्यांना आधी १६-१८ झालेला नव्हता आणि सगळे डोस घेतले त्यांच्यात या दोन टाइपमुळे होणारे कॅन्सरपूर्व बिघाड ९८ टक्के कमी, आणि आधी लागण झालेल्यांसकट सगळ्या धरल्या तर फक्त ४४ टक्के. लस तीच होती, चोर आधी शिरला होता की नाही एवढाच फरक.

"मग १२ वर्षांच्या मुलीला कशाला, तिचा याच्याशी काय संबंध" असं जे आजी लोक विचारतात त्यांना हेच सांगायचं, संबंध नाही म्हणूनच आत्ता. कुलूप चोरी व्हायच्या आधी लावतात. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लसीला प्रतिसादही जास्त जोरदार देतं.

"नैसर्गिक लागणीनेच प्रतिकारशक्ती येऊ दे की" हा पण एक सल्ला ग्रुपवर आला होता. येत नाही नीट. हा व्हायरस रक्तात जात नाही, सूज नाही, ताप नाही, त्वचेच्या थरात गुपचूप राहतो, त्यामुळे शरीराला धड कळतच नाही आणि बऱ्याच बायकांमध्ये मोजण्याइतक्या अँटीबॉडीसुद्धा बनत नाहीत. लसीमुळे बनतात त्या याच्या कितीतरी पट जास्त.

## दोनवाली, चारवाली की नऊवाली?

आता वहिनीचा मूळ मुद्दा. चारवाली गार्डासिल २००६ मध्ये आली (६, ११, १६, १८), दोनवाली सर्व्हारिक्स तिच्या पाठोपाठ (१६, १८), नऊवाली २०१४ मध्ये. भारतात बनलेली सर्व्हावॅक पण चारवालीच. कॅन्सरपुरतं बोलायचं तर दोनवाली आणि चारवाली यांची झेप साधारण सारखी, चारवालीत चामखिळीपासून बचाव जास्तीचा, आणि नऊवालीत ७० ऐवजी ९० टक्क्यांच्या आसपास कॅन्सरचे टाइप येतात.

मग नऊवालीच का नको? मिळत असेल आणि झेपत असेल तर जरूर घ्या, जास्तीचे टाइप म्हणजे जास्तीचं संरक्षण, यात वाद नाही. पण "नऊवाली मिळेपर्यंत थांबू" हे मला पटत नाही, कारण थांबण्यात जे वय जातं ते परत येत नाही आणि पहिला ७० टक्क्यांचा घास सगळ्याच लशी घेतात. शिवाय नऊवाली पण सगळ्या जगासाठी सारखी नाही. पूर्व आशियात ५२ आणि ५८ चा वाटा इतर ठिकाणांपेक्षा जास्त, तिथे तिचा फायदा जास्त. उलट आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला ३५ नंबरचा वाटा जास्त, आणि ३५ नऊवालीतही नाहीये! म्हणजे जिथे हा कॅन्सर सगळ्यात जास्त होतो तिथला टाइप यादीबाहेर राहिलाय.

## पण खरंच कॅन्सर कमी झाला का, की सगळं कागदावर?

बरीच वर्षं हा प्रश्न रास्त होता कारण कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात आणि लस २००६ ची. आता आकडे आलेत. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, २०२० मध्ये निकाल आला: १७ वर्षांच्या आत चारवाली लस घेतलेल्यांमध्ये कॅन्सर ८८ टक्के कमी, त्यानंतर घेतलेल्यांमध्ये साधारण निम्मा.

इंग्लंडचा आकडा मी वहिनीला मुद्दाम ठळक करून पाठवला. तिथे २००८ पासून शाळेत जी लस दिली ती दोनवाली, म्हणजे वहिनीच्या भाषेत १४ टक्केवाली. २०२१ मध्ये हिशोब मांडला तेव्हा १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस मिळण्याची सोय झाली त्या वयोगटात कॅन्सर ८७ टक्के कमी. १४ ते १६ मध्ये ६२ टक्के, आणि १६ ते १८ मध्ये ३४ टक्के. वय वाढत गेलं तसा फायदा कसा घसरत गेला ते पाहा. स्कॉटलंडमध्ये तर १२-१३ व्या वर्षी ही लस पूर्ण घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही केस सापडली नाही असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

७० टक्के टाइप अडवून ८७ टक्के कॅन्सर कसा कमी होईल असं हिशोबी माणूस लगेच विचारणार. एक म्हणजे कमी वयात होणाऱ्या कॅन्सरमध्ये १६-१८ चा वाटा आणखी मोठा असतो, आणि इंग्लंडच्या या बायका अजून तिशीच्या आतल्या होत्या. दुसरं म्हणजे ते जवळच्या टाइपचं उसनं संरक्षण. त्यामुळे साठाव्या वर्षापर्यंत हाच ८७ चा आकडा टिकेल असं मात्र कोणी धरून चालू नये.

## दोघांना हाकललं तर बाकीचे त्यांची जागा घेतील ना?

हा प्रश्न हुशार आहे आणि शास्त्रज्ञांनाही पडला होता. काही जंतूंच्या बाबतीत असं होतं खरं, एकाला हटवलं की रिकाम्या जागेवर दुसरा येतो. एचपीव्हीत तसं व्हायला टाइपची आपसात जागेसाठी मारामारी असायला हवी, पण एकाच बाईत एका वेळी दोन-तीन टाइप सुखाने नांदताना दिसतात, एक गेला म्हणून दुसऱ्याला काही खास मोकळीक मिळते असं दिसत नाही. कोट बदलून लसीला चकवण्याचं म्हणाल तर हा डीएनएवाला व्हायरस आहे, फार म्हणजे फारच हळू बदलतो, फ्लूसारखा दरवर्षी नवा अवतार घेत नाही. इतक्या वर्षांच्या देखरेखीत जागा बळकावण्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. आणि समजा ५१ किंवा ५६ थोडे वाढले तरी ते १६ नव्हेत.

## एक डोस पुरतो म्हणतात, हे कसं काय?

ही गोष्ट भारतातच घडली आणि जरा विचित्र पद्धतीने घडली. २००९ मध्ये आयएआरसीच्या मदतीने इथे एक अभ्यास सुरू झाला, २० हजार मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला, बार्शीसारखी केंद्रं त्यात होती. त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एक वेगळाच प्रकल्प चालू होता, त्यातल्या काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे असे सगळे अभ्यास थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती ज्या तऱ्हेने घेतली त्यावर संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं, लस चांगली आहे म्हणून आईबापांना न विचारता टोचायची असं होत नाही.

आता झालं असं की मधेच थांबल्यामुळे साधारण पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निकाल आला की टिकून राहणाऱ्या १६-१८ च्या लागणीपासून एका डोसने साधारण ९५ टक्के संरक्षण दिलं, म्हणजे दोन आणि तीन डोसवाल्यांच्या तोडीचं. केनियातल्या चाचणीतही असंच दिसलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वयात एक डोस किंवा दोन, दोन्ही चालतील, २१ च्या पुढे दोन, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर निदान दोन, जमल्यास तीन.

## साइड इफेक्ट, वंध्यत्व वगैरे

हात दुखतो, कणकण येते, आणि या वयातल्या मुलींना सुई पाहूनच भोवळ येते म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवतात. गंभीर ॲलर्जी होऊ शकते पण दहा लाख डोसमागे एक-दोन अशी दुर्मिळ, आणि तिच्यासाठीही ती १५ मिनिटं कामाची.

जपानमध्ये २०१३ साली लस नेहमीच्या सरकारी लसीकरणात आल्यावर काही महिन्यांतच मुलींच्या अंगदुखीचे, झटक्यांचे व्हिडिओ टीव्हीवर आले, सरकारने शिफारस मागे घेतली आणि लसीकरण ७० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्याच्या खाली गेलं. नंतर नागोया शहरात सुमारे ३० हजार मुलींच्या २४ लक्षणांचा अभ्यास झाला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये ती सारखीच निघाली. शिफारस परत सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांतल्या मुलींचं काय, त्या तशाच मोठ्या झाल्या.

वंध्यत्वाचा काहीही पुरावा नाही. उलट लस न घेता पुढे सीआयएन ३ झाला तर गर्भाशयमुखाचा तुकडा कापून काढावा लागतो आणि त्याने पुढच्या बाळंतपणात दिवस पूर्ण व्हायच्या आधीच प्रसूती होण्याचा धोका वाढतो. मातृत्वाची काळजी असणाऱ्यांनी घाबरायचंच असेल तर याला घाबरावं.

मुलग्यांनाही एचपीव्ही होतो, घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो आणि त्यातही म्होरक्या १६ च. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना आणि २०१३ पासून मुलग्यांनाही लस सुरू केली. डोस कमी पडत असतील तर आधी मुली, एवढंच.

## लस घेतली, मग तपासणी कशाला?

कारण त्या वहीतले उरलेले चोर अजून मोकळे आहेत. नऊवाली घेतली तरी साधारण १० टक्के बाकी राहतात.

तपासणी म्हणजे पूर्वी पॅप टेस्ट, पेशी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायच्या. आता जास्त भर एचपीव्हीचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टवर आहे, कारण ती बिघाड व्हायच्या आधीच चोर घरात आहे का ते सांगते. ती किती कामाची आहे हे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या बायकांनी जगाला दाखवलं. १९९९ मध्ये तिथल्या गावांमधून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन अभ्यास सुरू झाला, २००९ मध्ये निकाल: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट आणि गरज पडली तर उपचार, एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे.

रिपोर्टमध्ये आता टाइपही लिहून येतो आणि इथे सगळं वरचं पुराण उपयोगी पडतं. "१६ पॉझिटिव्ह" किंवा "१८ पॉझिटिव्ह" आलं तर डॉक्टर बहुतेक वेळा थेट कॉल्पोस्कोपी सांगतात, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुख जवळून बघणं. "अदर हाय रिस्क" असं आलं तर अनेक ठिकाणी आधी पॅप करतात आणि ती नॉर्मल असेल तर साधारण वर्षाने परत टेस्ट, कारण बहुतेक वेळा तोवर तो निघून गेलेला असतो. दोघी मैत्रिणी पॉझिटिव्ह, एकीला लगेच बोलावलं आणि दुसरीला वर्षाने या सांगितलं, तर दुसरीच्या डॉक्टरने हलगर्जी केली असं समजू नका.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं तिशीपासून ही टेस्ट दर ५ ते १० वर्षांनी करा, एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा. २०३० पर्यंतचं त्यांचं लक्ष्य पण या दोन्हीला धरूनच आहे, ९० टक्के मुलींना १५ च्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षी तपासणी, आणि ज्यांच्यात काही सापडेल त्यातल्या ९० टक्क्यांवर उपचार.

हे सगळं वाचून वहिनीने भाचीची तारीख घेतली, कुठली लस ते डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहे. मी तिला विचारलं, तू आता ४१ ची, तुझी स्वतःची टेस्ट कधी झाली होती? मेसेजवर दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.